तिटकाऱ्याची जागा

मृदुला आरवाडेला सांगलीत कोणी कधी प्रेमळ म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं, तर तिने त्या माणसाच्या बुद्धीची कीव केली असती. कॉलेजात तिने कित्येक वर्षं मराठी शिकवलं, आणि जवळजवळ तेवढीच वर्षं एकांकिका स्पर्धांची परीक्षक म्हणून पहिल्या रांगेत बसून काढली. निकालाआधी परीक्षकांनी दोन शब्द बोलायची जी पद्धत आहे, त्यात बाकीचे परीक्षक ‘सगळ्यांनीच खूप मेहनत घेतली’ असं म्हणून शाल-श्रीफळ घेऊन मोकळे होत. मृदुला माईक हातात घेऊन म्हणे, "मेहनत हमालही करतात. ती बघायला कोणी तिकीट काढत नाही." पोरं विंगेत रडत आणि पुढल्या वर्षी पुन्हा तिच्याच समोर उभी राहत. कारण बाईंनी नुसती मान डोलावली तरी नाटक उभं राहतं, हे मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

तर अशा बाईच्या डोक्यात गाठ निघाली.

गाठ साधी होती, कॅन्सरची नव्हती. उजव्या कानाच्या वर, मेंदूच्या आवरणाला चिकटून वाढलेली. ती सगळीच्या सगळी निघालीही. पण ऑपरेशनसाठी कापलेलं हाड परत बसवलं, त्यात पू झाला आणि ते काढून टाकावं लागलं. मग कित्येक महिने तिच्या डोक्याला उजव्या बाजूला हाडच नव्हतं. कातडी आत बसली होती. वाकलं की ती जागा फुगायची, उठून बसलं की खोल जायची. घरातून बाहेर पडायचं तर प्लॅस्टिकचं हेल्मेट घालायचं.

या काळात भेटायला येणाऱ्यांचा जो तांडा घरात लोटला, त्याने माणूसजातीबद्दलचं तिचं मत पक्कं करून टाकलं. येणारा प्रत्येक जण आधी तो खड्डा बघायचा, मग न बघितल्यासारखं करायचा. एकाने ब्राह्मीचं तेल आणलं. कुठे लावायचं, हे मात्र त्याला सांगता आलं नाही. एकाने सकारात्मक राहायला सांगितलं. शेजारच्या कुंभोजकरवहिनींच्या मावशीलाही अगदी अशीच गाठ होती. त्या मावशीची कहाणी वहिनींनी चहाच्या दोन कपांमध्ये सविस्तर सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, "त्या मात्र गेल्या." मृदुलाने डोळे मिटून घेतले. वहिनींना वाटलं, तिला झोप आली.

झोप कसली येते. गाठ गेली, पण डोकेदुखी ठाण मांडून बसली. टाक्यांच्या रेघेवर उशीचा अभ्रा घासला तरी कळ मस्तकात जायची. जबड्याचा स्नायू ऑपरेशनमध्ये कापून पुन्हा शिवलेला, त्यामुळे भाकरी चावताना कानशील धरावं लागायचं. दुपारी खिडकीतून ऊन आत आलं की उजवा डोळा बाहेर येईल असं वाटायचं. गोळ्या घ्याव्यात तर काही दिवसांनी डॉक्टरांनी त्याही तोडल्या. फार गोळ्या घेतल्या की गोळ्यांचीच डोकेदुखी सुरू होते म्हणे. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

डॉक्टर नाझनीन मुजावर या मिरजेतल्या मेंदूच्या सर्जन. कामापुरतं बोलायच्या आणि खोटा धीर द्यायच्या नाहीत. मृदुलाला आयुष्यात ज्या चार-सहा माणसांबद्दल आदर वाटला, त्यांत त्यांचा नंबर वरचा होता.

"हाडाच्या जागी छापलेला तुकडा बसवू," त्या म्हणाल्या. "तुमच्या डाव्या बाजूचा स्कॅन आरशात बघावा तसा उलटा करायचा आणि मशीनवर तो तुकडा छापायचा. तंतोतंत बसतो. यात आता नवीन काही राहिलं नाही. नवीन आहे ते त्याच्या आतल्या बाजूला."

"आतल्या बाजूला काय?"

"कागदाइतक्या पातळ चकत्या. त्या मेंदूत ध्वनिलहरी सोडतात. कानाला ऐकू येत नाहीत अशा. साध्या हाडातून जाताना त्या विखुरतात. या तुकड्यातून सरळ जातात, आणि आपण ठरवू त्या जागी एकवटतात. मग तिथलं काम मंदावतं." डॉक्टरांनी पडद्यावरच्या मेंदूत, कानाच्या वर, आतल्या घडीत दडलेल्या एका भागावर बोट ठेवलं. "दुखणं म्हणजे मेंदूला मिळणारे दोन निरोप. कुठे दुखतंय, किती दुखतंय, हा एक. आणि हे मला नकोय, हा दुसरा. दुसऱ्या निरोपाचं बरंचसं काम इथे चालतं. आम्ही तेवढंच शांत करतो. दुखेल, पण त्याचा जाच होणार नाही."

"दुखेल, पण जाच होणार नाही. सरकारी खुलाशासारखं वाटतंय हे."

"वापरून बघा. शून्य ते सहा असा आकडा असतो. तुमचा मी तीनवर ठेवीन. फारच दुखलं तर थोड्या वेळापुरता वाढवायचा. ती सोय घरच्या माणसाच्या फोनवर देतो, पेशंटच्या नाही. पेशंटच्या हातात दिला तर तो सहाच्या खाली उतरत नाही. आणि रोज रात्री चार्जिंगची टोपी घालून झोपायचं." मग त्यांना काहीतरी आठवलं. "आणखी एक. किळस वाटायचं कामही हाच भाग बघतो. नासकं, आंबलेलं, कुजकं यांना नको म्हणतो तो हाच. तेव्हा दूध, उरलेलं अन्न घरच्यांनी तपासून द्या. माझ्या एका पेशंटने बुरशी आलेला ढोकळा आवडीने खाल्ला होता."

घरचं माणूस म्हणजे सन्मती, तिचा नवरा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. सांगितलेलं काम चोख करणारा आणि न सांगितलेल्या कामाच्या वाटेला न जाणारा. तो घरी आला आणि फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर त्याने तारखेची चिठ्ठी डकवली. दुधाचा असा कडेकोट बंदोबस्त झाला. माणसाला आणखी कशाकशासाठी किळस लागते, हा विचार मात्र कोणाच्या डोक्यात आला नाही. मृदुलाच्याही नाही. आपल्याला नाटक कळतं ते बुद्धीने, असंच ती आयुष्यभर समजत आली होती.

तुकडा बसला. मृदुला त्याला झाकण म्हणायची.

झाकण सुरू झालं त्या दिवशी ती उन्हात जाऊन बसली. डोकं दुखत होतं. कुठे दुखतंय ते बोट ठेवून दाखवता आलं असतं. पण ते दुखणं शेजारच्या घरात भांडी पडावीत तसं झालं होतं. पडतात तर पडोत. त्या रात्री ती कित्येक महिन्यांनी उजव्या कुशीवर झोपली.

मग हळूहळू घरात एक वेगळीच बाई वावरू लागली. कुंभोजकरवहिनी आल्या, त्यांनी मावशी पुन्हा आजारी पाडली आणि पुन्हा मारली. मृदुलाने ते सगळं ऐकून घेतलं आणि वर त्यांना चहा घेऊन जा म्हणाली. वहिनींच्या मुलीने कविता आणून दाखवल्या. ‘पाऊस’ आणि ‘हौस’ अशी यमकं असलेल्या. मृदुला म्हणाली, "चांगलं लिहितेस." पोरगी पायऱ्या उतरताना रडत होती, पण आनंदाने. गावात बातमी पसरली की ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी बाईंची जीभही दुरुस्त केली. लोकांना बरं वाटलं. लोकांना असंच बरं वाटतं.

सगळ्यांत जास्त बरं सन्मतीला वाटलं. सन्मती नाटकं लिहायचा. हे मृदुलाला लग्नाआधीपासून माहीत होतं, आणि तेवढं एक सोडलं तर नवऱ्यात खोट काढायला तिला जागा नव्हती. त्याने तिला पहिलं नाटक दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "टायपिंग स्वच्छ आहे." दुसरं वाचता वाचता ती झोपली. तिसरं तिने परत दिलं आणि विचारलं, "यातल्या सगळ्यांनाच एका अंकात मरायची घाई का झाली?" त्यानंतर सन्मतीने तिला काही दाखवलं नाही. पण तो लिहीत राहिला, दार लोटून.

एका सकाळी तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"एक वाचन ठेवू का घरी?" तो म्हणाला. "नवीन लिहिलंय. अवधूतला बोलावतो, त्याची मंडळी येतील. तू ऐकशील ना?"

"ऐकेन की," मृदुला म्हणाली. तिला खरंच ऐकावंसं वाटत होतं. तिला त्या दिवसांत सगळंच ऐकावंसं वाटायचं.

नाटक बसवायच्या आधी कोणाच्या तरी दिवाणखान्यात त्याचं वाचन होतं. लेखक स्वतः वाचतो, बाकीचे सतरंजीवर बसून ऐकतात, मधल्या सुट्टीत पोहे होतात आणि शेवटी सगळे जाणत्या माणसाच्या तोंडाकडे बघतात. जाणतं माणूस मृदुला होती. अवधूत पुजारी हा गावातला हुशार दिग्दर्शक. तोही लेखकाकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होता.

नाटकाचं नाव ‘उंबरठ्यावर थबकलेली सांज’. त्यात एक म्हातारा बाप होता. त्याचा मुलगा कॅनडात होता. देवघरात एक दिवा होता, आणि तो कधी विझणार याबद्दल कोणाच्याही मनात शंका राहू नये याची सन्मतीने पुरेपूर काळजी घेतली होती. मृदुला शाल पांघरून खुर्चीत बसली होती. तिला इतकं निवांत क्वचितच वाटलं असेल. पोहे छान होते. उकाडाही छान होता. बापाचं दुःख छान, मुलाचं कॅनडात असणं छान, सन्मतीचा घोगरा आवाज छान. शब्द येत होते, जात होते. एकही खुपत नव्हता आणि एकही अडवत नव्हता.

वाचन संपलं. सगळे मृदुलाकडे बघू लागले.

"छान आहे," मृदुला म्हणाली. "करा."

अवधूतने दोनदा विचारून खात्री करून घेतली. हा शब्द बाईंच्या तोंडून त्याने आजवर ऐकला नव्हता, त्याच्या गुरूंनीही ऐकला नव्हता. मग टाळ्या झाल्या. प्रत्येकाला आपापल्या भूमिकेत काहीतरी गहन सापडलं. सन्मतीने फोन खिशात ठेवला आणि डोळे पुसले.

तिथून गाडी सुटली ती थांबेचना. ‘मृदुला आरवाडे यांनी छान म्हटलेलं नाटक’ एवढंच जाहिरातीत छापलं, आणि पहिल्या प्रयोगाची सगळी तिकिटं गेली. पुण्याहून समीक्षक येणार, कोल्हापूरची मंडळी बस करून येणार. सन्मतीने नवा झब्बा शिवायला टाकला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं नाव पाटीवर लागणार होतं, आणि मृदुलाने सगळ्या आयुष्यात मिळवलेला शब्द त्या पाटीखाली उभा होता.

प्रयोगाला आठवडा राहिला असताना ती तालमीला गेली. शाळेच्या एका जुन्या हॉलमध्ये तालीम चालायची. आदल्या रात्री सन्मती नेपथ्याची मापं काढत उशिरापर्यंत बसला होता, आणि त्या गडबडीत तिला चार्जिंगची टोपी घालायची राहून गेली. त्याच्याही लक्षात आलं नाही, तिच्याही नाही.

तिला आधी वास आला. हॉलच्या मागे मुतारी होती. तिचा वास या हॉलला पूर्वापार होता, पण गेले कित्येक महिने तो तिला आलाच नव्हता. मग कोणीतरी चहा आणून दिला. तो उकळून उकळून कडू झालेला, वर साय धरलेला. तिने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. मग उजव्या कानशिलात पहिली कळ आली. ती काही शेजारच्या घरात नव्हती. थेट आत होती.

तेवढ्यात रंगमंचावरून आवाज आला, "बाळा, दिवा विझत नाही रे. वात थकते."

मृदुलाला वाटलं, नटाने पदरचं वाक्य घातलं. वाईट नट घालतात. पण पाठोपाठ सुनेचं काम करणारी रेवा पुढे आली आणि दूर कुठेतरी नजर लावून म्हणाली, "सातासमुद्रापार गेलेल्या पाखरांना घरट्याची काडी आठवत नाही, बाबा."

मृदुलाने शेजारच्या खुर्चीवरची संहिता उचलली. वाक्यं तीच होती. एकही शब्द बदललेला नव्हता. पान उलटावं तसं पुढचं पान आणखी भयंकर. काडी, वात, सांज, पाखरं, आणि मधूनमधून ‘(विराम)’. हे सगळं ती शाल पांघरून ऐकत बसली होती. आणि शेवटी छान म्हणाली होती.

ती घाबरली. नाटकं वाईट असतात, त्याचं तिला कधीच भय वाटलं नव्हतं. पण वाईट ते वाईट वाटतं, एवढा एकच भरवसा तिने स्वतःपाशी आयुष्यभर बाळगला होता. सौंदर्यशास्त्रावर व्याख्यानं दिली, जाडजूड पुस्तकं वाचली, आणि शेवटी सगळा कारभार निघाला नासकं दूध ओळखणाऱ्या त्या चिमूटभर जागेचा. नासकं दूध आणि नासकं वाक्य मेंदूत एकाच दारातून बाहेर हाकललं जातं, आणि त्या दाराला डॉक्टरांनी कडी घातली होती. तीन या आकड्याची कडी. पण तीनवर तर तिला वाचनाच्या आदल्या दिवशी वहिनींच्या मावशीची कहाणी जरा लांबल्यासारखी वाटली होती. त्या संध्याकाळी तेवढंही वाटलं नाही.

तिने सन्मतीला हाक मारली आणि हॉलच्या मागच्या व्हरांड्यात नेलं.

"माझा आकडा किती आहे?"

सन्मतीने फोन काढला आणि त्याचा चेहरा पडला. "शून्य. चार्ज संपलाय गं. टोपी राहिली काल. थांब, पिशवीत आहे, आत्ता लावतो."

"वाचनाच्या दिवशी किती होता?"

"तीनच की."

"सन्मती."

तो व्हरांड्याच्या कठड्याकडे बघत राहिला. खोटं बोलणं त्याला नाटकातही जमायचं नाही.

"सहा," तो म्हणाला.

"मला काही दुखत होतं का त्या दिवशी?"

"नाही."

"मग का?"

"एकदा ऐकायचं होतं."

"काय?"

"छान. तुझ्या तोंडून. एकदाच."

मृदुलाच्या मनात आलं, हा माणूस चोरी करतानाही भिकाऱ्यासारखी करतो. आणि तिला राग आला, इतका की कानशिलातली कळ क्षणभर मागे पडली.

"ते ऐकायला तू माझ्या डोक्याला कुलूप लावलंस," ती म्हणाली. "माझ्या डोक्याला. शुद्धीवर नसलेल्या माणसाचा अंगठा उठवून घेतात लोक, त्यांच्यात आणि तुझ्यात फरक काय?"

"तू खूश होतीस त्या दिवसांत. मला वाटलं, थोडी आणखी खूश राहिलीस तर बिघडलं कुठे. नाटक बसवतील असं नव्हतं वाटलं मला. नुसतं ऐकायचं होतं."

"असलं छान ऐकण्यापेक्षा भिंतीला वाचून दाखवायचंस."

"भिंतीलाच दाखवत आलोय मी इतकी वर्षं," सन्मती म्हणाला.

ती वळून आत गेली.

"थांबवा," ती म्हणाली. अवधूतने हात वर केला आणि तालीम थांबली. मृदुला खुर्चीची पाठ धरून उभी राहिली, कारण जमीन जराशी हलत होती. "हे नाटक वाईट आहे. मी छान म्हणाले तेव्हा माझ्या डोक्यातलं यंत्र जास्त वाढवलेलं होतं. त्या वेळी कोणी मला भिंतीचा पोपडा खायला दिला असता, तरी मी छानच म्हणाले असते. माझा शब्द मी मागे घेतेय. प्रयोग करू नका."

आकडा कोणी वाढवला, हे तिने सांगितलं नाही. सन्मती दारात उभा होता.

कोणीतरी वाद घालेल, निदान चिडेल, असं तिला वाटलं होतं. नवीन पडदे शिवून झाले होते, तिकिटं गेली होती. पण हॉलमध्ये जे पसरलं ते हायसं वाटणं होतं. जोडा चावत असलेल्या माणसाला जोडा काढायची परवानगी मिळावी तसं.

"खरं सांगायचं तर बाई," अवधूत म्हणाला, "मलाही दुसरा अंक जरा पातळ वाटत होता."

"जरा?"

"म्हणजे बराच."

"दिव्याच्या वाक्याला मला हसू यायचं," बापाचं काम करणारा म्हणाला. "मी खोकून दाबायचो. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याचा अभिनय करतोय."

"मला तर पाखरांचं ते म्हणताना लाजच वाटायची," रेवा म्हणाली.

"मग म्हणत का होतीस?" मृदुलाने विचारलं.

"तुम्ही छान म्हणालात ना, बाई. मला वाटलं, मलाच कळत नाहीये."

मृदुलाने एकेकाकडे पाहिलं. दिग्दर्शक पाहिला, नट पाहिले, कपाटामागून डोकावणारा प्रकाशयोजनावाला पाहिला. या सगळ्यांनी ते वाचन ऐकलं होतं, पोहे खाल्ले होते, टाळ्या वाजवल्या होत्या. महिनाभर रोज येऊन ही वाक्यं घोकली होती. प्रत्येकाला ती नासकी लागत होती आणि प्रत्येकाने ती गिळली होती.

"माझ्या डोक्यात यंत्र होतं," ती म्हणाली. "तुमच्या डोक्यात काय होतं?"

यांची कवटी कोणी उघडली नव्हती, यांना चार्जिंगची टोपी लागत नव्हती, आणि तरी यांचा आकडा सहावर गेला होता. तो चढवायला बाईंचा एक शब्द पुरला. आणि त्या शब्दाचा एवढा धाक कोणी निर्माण केला होता? माईक हातात घेऊन पोरांना विंगेत रडवत कोणी वाढवला होता? तिला ते कळलं, आणि ते कळणं त्या डोक्याइतकंच ठणकलं.

"कोणी विचारलं तर माझी तब्येत बरी नाही म्हणून सांगा," ती म्हणाली. "जा आता."

मंडळी गेली. जाताना त्यांच्यात चक्क उत्साह होता. कोपऱ्यावरच्या गाडीवर भडंग खायला जायचं ठरत होतं, ते आत ऐकू येत होतं. मग आवाज लांब गेले आणि हॉलमध्ये दोघंच उरली. मृदुला खुर्चीत बसली आणि तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं. आता प्रत्येक ठोक्याला उजवा डोळा आतून ढकलला जात होता. सन्मती पिशवीतून टोपी काढून तिच्यासमोर उभा राहिला. टोपी दोन्ही हातांत धरून.

"लावू का?"

"बस आधी."

तो रंगमंचाच्या कडेला बसला. मृदुलाने मांडीवरची संहिता उचलली. अक्षरं हलत होती, तिने एक डोळा मिटला.

"दिवा काढून टाक," ती म्हणाली. "पाखरं काढ. कॅनडा काढ, तू कधी गेला नाहीस तिथे, आणि ते दिसतं. नाव बदल. दुसरा अंक फाडून टाक, त्यात काही नाही. पहिल्या अंकातलंही जवळजवळ सगळं जाईल." तिने पानं उलटली. "चौदावं पान ठेव."

सन्मतीने काही विचारायच्या आधी फोन काढून बघितला. आकडा शून्य होता. तो बराच वेळ त्या शून्याकडे बघत राहिला.

"चौदावं?" तो म्हणाला.

"टॉवेलचं."

चौदाव्या पानावर फारसं काही घडत नव्हतं. बायको आजारी आहे. ती बाथरूममध्ये डोक्यावरून पाणी घेतेय, आणि नवरा बंद दाराबाहेर उभा आहे. तो विचारतो, टॉवेल आहे ना आत? ती म्हणते, आहे. थोड्या वेळाने तो पुन्हा विचारतो, टॉवेल दिसला ना? ती म्हणते, दिसला. पुन्हा थोड्या वेळाने, टॉवेल कोरडा आहे ना? आणि ती आतून खेकसते, आहे रे बाबा, किती वेळा विचारशील. तेवढंच. पुढच्या पानावर मुलाचा फोन येतो आणि नाटक पुन्हा वाया जातं.

ते खेकसणं तिचं होतं, शब्दन्‌शब्द. डोक्याला हाड नव्हतं त्या दिवसांतलं. तो रोज दाराबाहेरून टॉवेलचं विचारायचा आणि ती आत साबण लावता लावता मनात म्हणायची, हा माणूस म्हातारपणी पार बावळट झाला. वाचनाच्या दिवशी हे पान तिच्या कानावरून गेलं होतं. दिव्याइतकंच छान वाटून गेलं होतं.

"मी पडले का, ते बघायला उभा राहायचास?" तिने विचारलं.

"घसरलीस आणि त्या बाजूला लागलं तर, असं वाटायचं," सन्मती म्हणाला. "पण पडलीस का, असं कसं विचारणार? तू ओरडली असतीस."

"ओरडले असतेच."

"मग टॉवेलचं विचारायचो. तू खेकसलीस की कळायचं, ठीक आहे." तो टोपीची शिवण चाचपत होता. "टॉवेल तर मीच ठेवलेला असायचा."

मृदुलाला रडू आलं होतं आणि त्याचा तिला संताप येत होता, कारण रडलं की डोकं दुप्पट दुखतं.

"टोपी लावतो आता," सन्मती उठत म्हणाला. "तुझा चेहरा पांढरा पडलाय."

"टोपी नंतर." तिने संहिता त्याच्यापुढे धरली. "आधी हे वाच. फक्त हे पान."

"मृदुला, डोकं..."

"वाच."

तो उभ्या उभ्या वाचू लागला. दाराबाहेरचा माणूस, बंद दार, टॉवेल. तिसऱ्या प्रश्नापाशी त्याचा आवाज अडखळला.

"तिथे थांबू नकोस," मृदुला म्हणाली. "लेखक तिथे थांबला की प्रेक्षकाला रडायची सूचना मिळते. ते स्वस्त आहे. घाईने विचार, मागे गॅसवर दूध असल्यासारखं. पुन्हा वाच."

त्याने पान सरळ धरलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. उजव्या कानशिलात घण पडत होते. मृदुलाने एका हाताने डोकं घट्ट धरून ठेवलं आणि ती ऐकत राहिली.